आभार सरांचा राहिलेला पेपर

आभार सर माईकपाशी गेले की आमच्या कॉलेजात माणसं उठायला लागायची. त्यात कुणाचा अपमान करायचा हेतू नसे. सर उभे राहिले म्हणजे कार्यक्रम संपला, आता चहा किंवा जेवण, एवढं चिखलीतल्या सगळ्यांना ठाऊक झालं होतं. खुर्च्या सरकायच्या, चपला शोधल्या जायच्या, मागे मांडवात ताटं वाजायची, आणि या सगळ्या गोंधळावर सरांचा स्वच्छ, न घाईचा आवाज यायचा, "आजच्या या कार्यक्रमाला लाभलेले..." मी त्यांचा विद्यार्थी होतो आणि पुढे त्यांच्याच रसायनशास्त्र विभागात नोकरीला लागलो. तेव्हा त्यांची आभारप्रदर्शनं मी दोन्ही नात्यांनी ऐकली आहेत. ऐकली म्हणजे काय, मीही जेवणाच्या रांगेतच असायचो.

आमच्याकडे आभार मानणं हा पोरखेळ नाही. संस्थेच्या सचिवांच्या साडूचं नाव एकदा राहिलं होतं, तर विज्ञान इमारतीचा वरचा मजला त्या साडूंच्या रुसव्यात अडकून पडला. अशा वातावरणात सर नवीन लागले. सगळ्यांत ज्युनिअर म्हणून आभार त्यांच्या गळ्यात पडले आणि त्यांनी एकही नाव चुकवलं नाही. तिथेच त्यांचं नशीब ठरलं. पुढे प्राचार्य बदलले, सचिव बदलले, साडूसुद्धा बदलले, पण आभार सरच करत राहिले. त्यांचं खरं नाव फक्त वेळापत्रकावर उरलं.

बाकीचे लोक "आभाराचं ओझं न ठेवता आपल्या ऋणातच राहू इच्छितो" असं म्हणून सुटका करून घेतात. सरांना ते वाक्य अजिबात चालायचं नाही. म्हणायचे, "ऋणात कायले राहा लागते बे? आभार माना अन् मोकळे व्हा." ते खरोखर मानायचे. सतरंज्या अंथरणाऱ्याचे, पाणी भरणाऱ्या बाईचे, आणि ऐन भाषणात लाइट गेली नाही म्हणून वायरमनचे. एका स्नेहसंमेलनात तर त्यांनी, पाहुण्यांचं भाषण लांबलं तरी शांत बसल्याबद्दल, श्रोत्यांचे वेगळे आभार मानले होते. पाहुण्यांना ते कौतुकच वाटलं.

पण सरांना खरं बोलायचं असायचं डिंकावर. हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण तेवढं ऐकायला कुणी थांबलंच नाही. काकूंचं, म्हणजे सरांच्या बायकोचं, माहेर संग्रामपूरकडचं, सातपुड्याच्या पायथ्याशी. पहिल्या दिवाळीला सासऱ्यांनी जावयाला धावड्याच्या झाडाचा डिंक दिला. दुसऱ्या जावयाने त्याचे लाडू खाल्ले असते. आमच्या जावयाने तो प्रयोगशाळेत नेला, त्यावर पीएच.डी. केली, आणि विभागातलं एक कपाट कायमचं चिकट करून ठेवलं. "डिंक म्हणजे पॉलिमर आहे," ते सांगायला लागत. "साखरेच्या लहान लहान कड्यांची लांबच लांब साखळी. माणसानं प्लास्टिक काल केलं, झाड कधीचं करून राह्यलं..." इथवर ऐकून स्टाफरूममधल्या एखाद्याला तासाची आठवण व्हायची. अभ्यासक्रमात डिंकाला एक ओळ होती आणि परीक्षेत तीही कधी आली नाही.

अशात मला एक ई-मेल आला. 'आदरणीय महान शास्त्रज्ञ' अशी सुरुवात होती, त्यामुळे आधी वाटलं की चुकून आला. मी पदवी मिळाल्यापासून परीक्षानळी फक्त मुलांच्या प्रॅक्टिकलच्या मार्कांसाठी हातात धरली होती. आंतरराष्ट्रीय पॉलिमर विज्ञान परिषद, स्थळ एका बेटावरचं रिसॉर्ट, शेजारी निळ्या पाण्याचा फोटो. पॉलिमरचा फोटो कुठेही नव्हता. मला बढतीसाठी 'आंतरराष्ट्रीय' या शब्दाचे गुण हवे होते आणि त्या शब्दासाठी मी बेटावरच काय, विहिरीतही उतरलो असतो. सरांना मात्र कसलेच गुण लागत नव्हते, पुढच्या वर्षी ते निवृत्त होणार होते. तरी म्हणाले, "मी पण येतो."

"तुम्ही काऊन येता सर?"

सरांनी डिंकाचं कपाट बंद केलं. मग म्हणाले, "रिटायर व्हायच्या आधी मले एकदा माह्या विषयावर बोलायचं आहे. पंधरा मिनिटं देतात म्हणे. आभार नाही. विषय."

त्यांनी तयारी केली ती पाहण्यासारखी होती. नवा कोट शिवला. रिकाम्या प्रयोगशाळेत बाकांसमोर उभं राहून इंग्रजीत पेपर म्हणून पाहिला, इतक्या वेळा की बाहेर झाडणाऱ्या मावशींनाही 'व्हिस्कॉसिटी' हा शब्द पाठ झाला. डिंकाचे नमुने डबीत भरून हातातल्या बॅगेत घेतले, सामानात टाकायचा धीर झाला नाही. विमानतळावर तपासणीच्या साहेबांनी डबी उघडून विचारलं, "ये क्या है?" सरांचा चेहरा उजळला. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी आपण होऊन विचारलं होतं. "सर, धिस इज अ नॅचरल पॉलिमर," अशी त्यांनी सुरुवात केली, साखळीपर्यंत आले, तोवर साहेबांनी डबी बंद करून हातात दिली आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

रिसॉर्ट फार सुंदर होतं आणि परिषद त्याला कुठेही आड येत नव्हती. सभागृहाच्या खिडकीतून समुद्र दिसायचा, तर मंचामागे समुद्राचंच चित्र छापलेलं भलंमोठं फ्लेक्स लावून ती खिडकी झाकली होती. बीजभाषणाचा विषय प्लास्टिकमुक्त महासागर. प्रत्येकाच्या पुढ्यात पाण्याची प्लास्टिकची बाटली होती. 'आंतरराष्ट्रीय' हा शब्द एका गोऱ्या गृहस्थांच्या भरवशावर उभा होता. ते उद्घाटनाला बॅटरीवरची समई लावायला आले आणि नंतर थेट पोहण्याच्या तलावात दिसले. बाकी सगळे माझ्यासारखेच गुणांचे भुकेले होते, कुणी नांदेडचे, कुणी कर्नूलचे, आणि जो तो 'मुख्य वक्ता' होता. वाळूवर लोक अर्ध्या चड्डीत हिंडत असताना आमचे सर कोट आणि लेसचे बूट घालून, डबी खिशात ठेवून, हातातल्या कागदावर ओठ हलवत फिरत होते. मी म्हटलं, "सर, बूट तरी काढा." ते म्हणाले, "पेपर झाल्यावर."

सरांचा पेपर दुसऱ्या दिवशी, जेवणाआधीचा शेवटचा. त्यानंतर लगेच काचेच्या तळाच्या बोटीतून मासे दाखवणार होते, आणि त्या बोटीची परिषदेत जेवढी चर्चा झाली तेवढी एकाही रेणूची झाली नाही. अध्यक्षस्थानी एक निवृत्त कुलगुरू होते. त्यांनी आधी स्वतःच्या आठवणी सांगितल्या. मग सरांच्या आधीच्या वक्त्याने आपल्या विभागाचे सगळे फोटो दाखवले. वेळ संपत आला, बाहेर बोटीचा भोंगा वाजला आणि सभागृहात बॅगांच्या चेनी ओढल्या जाऊ लागल्या. सर मंचावर गेले. पडद्यावर त्यांचं पहिलं चित्र आलं. संग्रामपूरच्या बाजूचा धावडा, आणि सालीच्या फटीत उन्हात चमकणारा डिंकाचा थेंब. अध्यक्ष घड्याळ दाखवत म्हणाले, "प्लीज, टू मिनिट्स. जस्ट कन्क्लूड."

सरांनी माईक हातात घेतला आणि समोर पाहिलं. माणसं उठत होती. खुर्च्या सरकत होत्या. हातात माईक आणि समोर उठणारी माणसं हे दोन्ही एकत्र आलं की सरांच्या तोंडून काय येतं, ते चिखलीत कुणालाही विचारा. मी पुढच्याच रांगेत होतो. त्यांचे ओठ 'डिंक' म्हणायला उघडले असं मला आजही वाटतं. पण बाहेर आलं ते हे: "ऑन बिहाफ ऑफ ऑल ऑफ अस..."

आणि मग सर थांबेनात. अध्यक्षांचे आभार, सगळ्या वक्त्यांचे नावानिशी, कुणी काय सांगितलं त्याच्या उल्लेखासकट. तलावातल्या गोऱ्या गृहस्थांचे. एसीवाल्याचे, वाढप्यांचे, आणि आमच्यासाठी बोट थांबवून ठेवल्याबद्दल नावाड्याचे. उठलेली माणसं उभ्या उभ्या हसली, मग खरंच ऐकू लागली, आणि त्या परिषदेतल्या सगळ्यांत मोठ्या टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी सरांना मिठी मारली. मागे पडद्यावर तो थेंब तसाच चमकत होता. कुणीतरी प्रोजेक्टर बंद केला आणि सगळे मासे बघायला गेले.

आम्ही नाही गेलो. सर पाण्याजवळ वाळूत बसले, बूट पायातच. डबी हातात फिरवत म्हणाले, "तोंडानं दगा दिला बे. मी त चांगला विषयच बोलणार होतो." मी काहीतरी थट्टेचं बोलणार होतो, माझी सवयच ती. पण त्यांच्याकडे पाहून मला रडायला आलं.

समारोपाला आयोजकांनी दोन गोष्टी केल्या. आभारप्रदर्शनाची सरांना खास विनंती केली, आणि सरांनी ती मान्य केली. आणि त्यांना 'सर्वोत्कृष्ट शोधनिबंध सादरीकरण' असं छापलेलं प्रमाणपत्र दिलं. न वाचलेल्या पेपरला असा मान मिळालेला मी दुसरा पाहिला नाही, पण त्या दिवशी अर्ध्या सभागृहाला तेच प्रमाणपत्र होतं, त्यामुळे फार उठून दिसलं नाही. कॉलेजने रस्त्यावर फ्लेक्स लावलं, 'आंतरराष्ट्रीय परिषदेत घवघवीत यश'. आमचा दोघांचा सत्कार झाला. त्या सत्काराचे आभार कुणी मानले हे सांगायला नकोच. सरांनी स्वतःचं नाव सोडून कुणाचंच नाव चुकवलं नाही.

पुढच्या वर्षी सरांचा निरोप समारंभ आला आणि संस्थेला पहिल्यांदाच पेच पडला. सत्कारमूर्ती स्वतःच आभार कसे मानणार? ते काम माझ्याकडे आलं. सरांच्या वाट्याला 'सत्काराला उत्तर' आलं. सगळी भाषणं झाली. सरांच्या साधेपणावर बोलणाऱ्यांत सचिवांचे साडूही होते. मग सर उठले, माईक घेतला, आणि सवयीने समोर पाहिलं. कुणीच उठलं नव्हतं. सत्कारमूर्ती बोलत असताना उठून जाणं आमच्याकडे रीतीत बसत नाही, आणि आभार व्हायचे असल्याने मागे कुणी ताटंही मांडली नव्हती. सर क्षणभर गोंधळले. मग म्हणाले, "धावड्याचं झाड तुम्ही सगळ्यांनी पाहिलं आहे."

आणि सर डिंकावर बोलले. आमच्याच बोलीत, कागद न घेता. झाडाला जखम झाली की ते काय करतं, साखळ्या कशा वाढतात, पाण्यात त्या कशा सुटतात, सगळं. प्राचार्यांनी चिठ्ठी पाठवली, ती त्यांनी न वाचता खिशात ठेवली. भाज्या निवल्या असणार. शेवटी ते म्हणाले, "कोणाले काही प्रश्न?" निरोप समारंभात असं कुणी विचारत नाही, त्यामुळे सगळे एकमेकांकडे पाहायला लागले.

पहिल्या रांगेतून काकू उठल्या. नव्या साडीचा पदर सारखा करत म्हणाल्या, "अहो, मले एक सांगा. उन्हाळ्यातला डिंक तुपात टाकला की कसा लाहीवानी फुलते. अन् पावसाळ्यानंतरचा नुसता करपते. झाड त तेच आहे. असं काऊन होते?"

सर बोलायला गेले आणि थांबले. पुन्हा तोंड उघडलं. मग हळूच म्हणाले, "मले माहीत नाही." हे सांगताना माणूस इतका आनंदी होऊ शकतो, हे मी तोवर पाहिलं नव्हतं. "पाह्या लागीन," ते म्हणाले, "हे पाह्याच लागीन." आणि माईक माझ्या हातात देऊन काकूंकडे बघत राहिले. त्या दिवशी मी आभारात कोण जाणे किती नावं चुकवली.

निवृत्तीच्या दुसऱ्याच दिवशी सर स्टीलच्या डब्यात काकूंचे दोन्ही डिंक घेऊन प्रयोगशाळेत हजर. रिटायर माणसाला येऊ द्यायचं की नाही याचा नियम कुणाला सापडेना, म्हणून ते येत राहिले. ओलावा मोजायचे, चिकटपणा मोजायचे, तुपाचं भांडं चक्क प्रयोगशाळेच्या शेगडीवर चढवायचे. रोज काहीतरी चुकायचं आणि रोज संध्याकाळी ते शीळ घालत घरी जायचे. अशी त्यांना जेमतेम दोन वर्षं मिळाली. मग त्यांचं हृदय बंद पडलं. उत्तर मिळालं नाही.

माझी बढती झाली, आंतरराष्ट्रीय गुणांवर. त्याचा मला काय अभिमान आहे, हे तुम्ही ओळखलंच असेल. पण ते चिकट कपाट आता मी वापरतो. तास संपले की बसतो, एक डिंक फुलतो, एक करपतो, आणि मला अजून कळलेलं नाही. काकू बाजारात भेटल्या की पिशवी खाली ठेवून विचारतात, "काऊन रे, सापडलं काय?"

मी म्हणतो, "पाहून राह्यलो, काकू."