अकरावी बरणी

माझ्या बायकोच्या मामांपुढे ज्याने हात टेकले नाहीत असा माणूस अख्ख्या दादर-परळात सापडायचा नाही, आणि टेकणाऱ्यांत पहिला नंबर माझा. पाइपची तंबाखू ओली राहावी म्हणून साहेबलोक वापरायचे ना, त्या जुन्या ह्यूमिडॉर बरण्या गोळा करायचा त्यांना नाद. चिनी मातीची, अक्रोडाच्या लाकडाची, पितळी, एक तर कुत्र्याच्या तोंडाच्या झाकणाची. हिंदमाताजवळच्या दोन खोल्यांत अशा अकरा. त्यांना शोकेस हवी म्हणून मामींचे डबे माळ्यावर गेले, आणि मामी सत्तरीतही डाळ काढायला स्टुलावर चढत राहिल्या.

बरं, नुसत्या मांडून ठेवतील तर ते मामा कसले. दहा बरण्यांत तंबाखू. अकरावी लहानशी, तिच्या लायकीची तंबाखू म्हणे मिळालीच नाही. पाइप ओढायचा रविवारी एकदाच, गॅलरीत बसून. पण तंबाखू सुकू नये म्हणून प्रत्येक बरणीत सफरचंदाची फोड बारा महिने. मामींनी एकदा कुत्र्याच्या बरणीत रव्याचे लाडू भरले, तर मामा चार दिवस बोलले नाहीत. पुढे मामी तापाने फणफणल्या, तेव्हा मी सफरचंदं घेऊन गेलो. मामांनी पिशवी घेतली, सुरी आणली, आणि पहिल्या फोडी बरण्यांत गेल्या. मामी पांघरुणातून म्हणाल्या, "जावईबापू, पुढच्या जन्मी मी तंबाखूच होणार आहे."

"अगं, ती सुकते," मामा म्हणाले. "तू थोडीच सुकणार आहेस?"

कोरोनात मामांना वास येईनासा झाला, तो पुन्हा कधी आलाच नाही. मग दर रविवारी मामी एकेका बरणीत नाक घालायच्या, "चांगली आहे हो" म्हणायच्या आणि पदरात शिंकायच्या. गेल्या वर्षी मामी गेल्या. मामांनी पाइप कायमचा ठेवून दिला, पण बरण्या तपासायचं काही सोडलं नाही. ते काम आता माझ्या नाकाकडे आलं.

खरं सांगतो, तंबाखू केव्हाच वाया गेली आहे. झाकण उघडलं की आंबूस भपकारा येतो. तरी मी "चांगली आहे" म्हणतो, आणि दर रविवारी जिना उतरताना स्वतःची लाज वाटते.

गेल्या रविवारी ठरवूनच गेलो, आज सांगून टाकायचं. दहावी बरणी बंद केली, तोंड उघडणार, तोच मामांनी कपाटातून अकरावी काढली. आत मामींच्या उशीचा अभ्रा होता, नीट घडी घातलेला.

"ती गेली त्याच दिवशी भरली," मामा म्हणाले. "हिचं झाकण सगळ्यांत घट्ट. मला तर काही कळत नाही. तुम्ही सांगा, आहे ना अजून तिचा वास?"

मी नाक घातलं. बरणीत मुरलेल्या कुणा साहेबाच्या जुनाट तंबाखूशिवाय मला कसलाही वास आला नाही.

"आहे," मी म्हणालो.

"कसला?"

"खोबरेल तेलाचा. आणि थोडा बामचा."

मामांनी झटकन झाकण लावलं आणि दोन्ही तळवे त्यावर दाबून धरले.

"पुरे," ते म्हणाले. "फार हुंगू नका. संपेल."