पहिल्या धड्याचा गृहपाठ

आईला बंगाली शिकवणाऱ्या बाईंशी मी भांडायला गेले होते, हे आधीच सांगून टाकते. माझा स्वभाव तापट. बँकेत माझ्या टेबलापाशी येण्याआधी लोक शिपायाला विचारून घेतात, आज हवा कशी आहे म्हणून. तर अशी मी एका रविवारी सकाळी चहासुद्धा न घेता तरातरा जिना उतरून खाली गेले.

बाबा गेल्यावर आईला मी सांगलीहून माझ्याकडे, बंगालमध्ये दमदमला घेऊन आले होते. मी एकुलती एक, लग्नाच्या भानगडीत पडले नाही आणि बदली ही अशी देशाच्या दुसऱ्या टोकाला. दुसरा इलाज नव्हता. आई म्हणजे बोलकी बाई. सांगलीत कोथिंबिरीची जुडी आणायला गेली तर कोणाच्या सुनेचं बाळंतपण, कोणाच्या जावयाची नोकरी, सगळं पदरात बांधून परत यायची. इथे आली आणि तोंडाला कुलूपच लागलं. हिंदी तिला यथातथाच. मी सियालदह स्टेशनवरून गाडी पकडून घरी पोहोचेपर्यंत दिवेलागण झालेली असायची. एकदा म्हणाली, "अगं, भिंतींशी किती बोलू? मेल्या उलटून उत्तरही देत नाहीत."

तळमजल्यावर एक निवृत्त शिक्षिका एकट्याच राहतात. सगळी बिल्डिंग त्यांना 'दिदिमोनी' म्हणते, आपण शाळेत 'बाई' म्हणायचो तसं. आईने माझी वाट न बघता स्वतःच जाऊन शिकवणी ठरवली. दिदिमोनींची तऱ्हा वेगळी. लिहिणं-वाचणं नाही. दोन-चार वाक्यं पाठ करून घ्यायच्या आणि गृहपाठ द्यायच्या, की ही वाक्यं कुणाशी तरी बोलून या. भाजीवाल्याशी, लिफ्टवाल्याशी, समोरच्या फ्लॅटमधल्या सुनेशी. आई हरखली. थोड्याच दिवसांत भाजीवाल्याला "एकटू कोम कोरुन", म्हणजे थोडं कमी करा, असं ठसक्यात सांगायला लागली आणि तो मुकाट्याने कमी करायला लागला. मला म्हणायची, "तू एवढी इंग्रजी फाडतेस, तुला कुणी एक लिंबू तरी वर देतं का?"

साधारण वर्षभर हे छान चाललं. मग कुरकुर सुरू झाली. "फार अवघड गृहपाठ देते गं ती हल्ली." शिकवणीच्या दिवशी तिचं पोट दुखायचं. फ्रिजमध्ये परवलांच्या पिशव्या साठायला लागल्या. मला वाटलं, भाजीवाल्याशी बोलायला मिळावं म्हणून घेत असेल रोज. आणि त्या शनिवारी मी कामावरून आले तर ही लिफ्टसमोर उभी, काहीतरी पुटपुटत, डोळ्यांत पाणी. "मला येतच नाही. दिदिमोनींना काय तोंड दाखवू?" माझं टाळकंच सटकलं. सत्तरी ओलांडलेल्या बाईला रडवणारी ही कोण लागून गेली?

दिदिमोनींनी दार उघडलं, मला बसवलं, दूध न घातलेला लाल चहा पुढे ठेवला. मी कपाला हात न लावता सुरुवात केली. आई काही परीक्षेला बसणार नाही, तिला सोपं काहीतरी द्या, नाहीतर गृहपाठ बंदच करा. आमचं बोलणं हिंदीत, त्यांचं बंगाली वळणाचं, माझं मराठी. त्यांनी माझं बोलणं मध्ये एकदाही तोडलं नाही. माझं संपल्यावर म्हणाल्या, "याहून सोपं माझ्याकडे नाही. हा पहिला धडा आहे."

मला कळेना. त्या सांगत गेल्या, अगदी हळू. पावसाळ्यापासून आई पहिलाच धडा करत होती. आपलं नाव, आपलं गाव, आपली मुलगी. दर वेळी तिला तो नवाच वाटायचा. "एकदा मी म्हटलं, हे आपलं झालंय. तर इतक्या घाबरल्या. त्यांना नवीन वाटतं ना, मग मी कशाला जुनं म्हणू? मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल."

मला ठाऊक नव्हतं. एका घरात राहून, एका ताटलीतला पापड मोडून खाऊन, मला ठाऊक नव्हतं. भांडायला आणलेलं सगळं बळ कुठल्या कुठे गेलं आणि मी त्या परक्या बाईसमोर ढसाढसा रडले. त्यांनी चहा बदलून आणला.

मग शिकवणी थांबवू या का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, नको. गृहपाठ आहे म्हणून तुमच्या आई दाराबाहेर येतात, तो काढलात तर एका जागी बसून राहतील. फक्त आता त्यांना लिफ्टवाल्याची भीती वाटते. "तुम्ही करून घ्या. तुम्ही नवी शेजारीण व्हा."

डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी दिदिमोनींपेक्षा वेगळं काही सांगितलं नाही. आणि रोज संध्याकाळी मी पर्स ठेवून पुन्हा दाराबाहेर जायची, बेल वाजवायची आणि नवी शेजारीण होऊन आत यायची. आई पदर सारखा करून खुर्चीत बसायची, हसू दाबत विचारायची, "आपनार नाम की?" मी काहीतरी अचाट नाव सांगायची. मग तिची वाक्यं. आमार बाडी सांगली. आमार मेये बँके काज कोरे. माझी मुलगी बँकेत काम करते. चुकली की म्हणायची, "थांब, तू हसवू नकोस मला." खोटं कशाला बोलू, त्या दिवसांत आम्ही दोघी जितक्या हसलो तितक्या सांगलीतही हसलो नसू.

परवा मला यायला उशीर झाला. किल्लीने दार उघडलं, बेल वाजवायची राहूनच गेली. आई खुर्चीत बसली होती. मला बघून तिने पदर सारखा केला आणि अदबीने विचारलं, "आपनार नाम की?"

या वेळी दाबायला हसूच नव्हतं. मी माझं खरं नाव सांगितलं. तिने मान डोलावली, छान नाव आहे अशी. मग एकही चूक न करता म्हणाली, "आमार मेये बँके काज कोरे."

मी मराठीतच विचारलं, "कशी आहे हो तुमची मुलगी?"

हे गृहपाठात नव्हतं. आईने जरा विचार केला. "तापट आहे," ती म्हणाली. "पण संध्याकाळी घरी येते. बसा ना, येईलच आता."

मी तिच्याशेजारी बसले, आणि आम्ही दोघी दाराकडे बघत राहिलो.