अंगण वाकडं असू दे

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आमच्या ह्यांनी देवापुढे दिवा लावायचा नेम कधी आठवडाभर पाळला नाही. इथे परदेशात, अर्विंगला आल्यावर मात्र एक नेम लागला, तो मोडला नाही. दर ऑक्टोबरला, हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू व्हायच्या आधी, गोळीबाराच्या सरावाच्या रेंजवर जाऊन रायफलीचा नेम जुळवून आणायचा.

हे म्हणजे पुरुषोत्तम, मूळचे नागपूरचे, कंपनीत डेटाबेस सांभाळणारे. शिकारीचं वेड ऑफिसातल्या डेलनं लावलं. पहिल्याच वर्षी ह्यांनी मागून नेलेल्या, डेलच्या भावाच्या रायफलीवरची दुर्बीण कुठेतरी आपटून सरकली होती. ह्यांची गोळी हरणाच्या पोटात लागली आणि ते झुडपांत पळालं. हे अंधार पडेपर्यंत रक्ताच्या मागावर फिरले, हरीण सापडलं नाही. घरी येऊन जेवले नाहीत. तेव्हापासून ह्यांचं एकच पालुपद: नेम पक्का नसेल तर माणसानं बंदूक हातात धरू नये.

काम तसं सोपं. रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवायची, दुर्बिणीतली फुली टार्गेटच्या मधोमध धरायची आणि तीन गोळ्या झाडायच्या. तिन्ही भोकं एकत्र पण बाजूला पडली, तर दुर्बिणीवरची चकती फिरवायची. ती टिकटिक वाजत सरकते. एकाच गोळीवरून चकतीला हात लावायचा नाही, असं हे मला भाजी निवडताना सांगायचे, जणू उद्या मीच जंगलात निघाले होते.

दोन हजार चारच्या ऑक्टोबरात भोकं एकत्र पडेनात. एक वर, एक खाली, एक कागदाबाहेर.

“वसु, स्कोप गेला बघ. गाडीच्या ट्रंकमध्ये आपटला असणार.”

“नाचता येईना, अंगण वाकडं,” मी म्हटलं आणि आम्ही दोघंही हसलो.

त्यांनी दुर्बीण दुरुस्तीला पाठवली. मग गोळ्या बदलल्या. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. एव्हाना हे चहा कपाच्या बाहेर ओतायला लागले होते आणि फ्रीवेवरच्या पाट्या मला वाचायला सांगत होते. मला हसू येईनासं झालं.

शेवटी एकदा रेंजवर डेल म्हणाला, “लेट मी ट्राय, पुरु,” आणि ह्यांच्या जागी बसला. रायफल बिघडलीय की डोळे, ते आता कळणार होतं. मी मागे उभी राहून मनातल्या मनात म्हणत होते, देवा, अंगण वाकडं असू दे. डेलनं तीन गोळ्या झाडल्या आणि कागद आणला. तिन्ही भोकं मधोमध, क्वार्टरच्या नाण्याखाली झाकतील अशी. ह्यांनी कागद तिरका धरून पाहिला, घडी केली आणि खिशात ठेवला.

डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग मरत चाललाय, उपाय नाही. कडेकडेचं दिसत राहील, जिथे बघाल तेवढंच दिसणार नाही. म्हणजे ज्यावर नेम धरावा तेच नाहीसं! आंधळं करायचं तर सरळ करायचं, ही कसली थट्टा? देवावरचा माझा राग अजून गेलेला नाही. ह्यांचं लायसन्स गेलं, नोकरी गेली. दिवसभर टीव्ही लावून सोफ्यावर बसून असतात. काय लागलंय विचारलं तर सांगता येत नाही.

रेंजचा नेम तेवढा चालू आहे. यंदाही मीच गाडी चालवत नेलं. आता गोळ्या डेल झाडतो आणि चकती हे फिरवतात. टिकटिक ऐकायला डोळे लागत नाहीत.

“टू क्लिक्स राइट, पुरु,” डेल म्हणाला. ह्यांनी बोटांनी चाचपून चकती फिरवली. डेलनं पुन्हा गोळ्या झाडल्या आणि ओरडला, “परफेक्ट!”

परतताना सिग्नलला गाडी थांबली तेव्हा हे म्हणाले, “मागच्या वर्षी टू क्लिक्स लेफ्ट होतं, आज राइट. रायफल वर्षभर कपाटातून हललीसुद्धा नाही गं. डेल मला उगाच काम देतो.”

“मग सांगा की त्याला तसं.”

“नको. मग तो बोलवायचा बंद होईल.”

आणि वळून त्यांनी सरळ माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. सरळ बघितलं की त्यांना मी दिसत नाही. म्हणून मी डोळे पुसले नाहीत.