मावशीचं पहिलं विमान
हळद शिजत असल्याचा वास आला की मला हट्टा गावची मावशी आठवते. बंगळुरात तिच्या लेकीचे दिवस भरत आले होते, म्हणून नांदेडहून आम्हा दोघींची विमानाची तिकिटं काढली होती. निघायच्या आदल्या दिवशी पेपरात बातमी आली: परदेशात कुठंतरी तस्करीचा माल नेणारं जुनं लष्करी विमान कोसळलं आणि दोन्ही वैमानिक गेले. हळदीच्या कढईपाशी उभ्या मावशीनं तिथूनच सांगितलं, "मी न्हाई येत." मी शेजारच्या काकांना बोलावून आणलं. त्यांची सारी नोकरी हवाई दलात विमानं दुरुस्त करण्यात गेली होती. "वैनी, ते मोडीत निघालेलं विमान. ना तपासणी, ना देखभाल, वर माल ठासून भरलेला. पडंल न्हाई तर काय? तुमचं विमान रोज तपासतेत." मावशीनं जरा विचार केला, मग पिशवीतले अर्धे डिंकाचे लाडू काढून काकांच्या हातात ठेवले. "आमच्याकून वजन नको." काकांनी तिथंच एक लाडू तोंडात टाकला. दुसऱ्या दिवशी विमानानं जमीन सोडली तसे तिनं डोळे मिटून हात जोडले. "देवाला का?" मी विचारलं. "न्हाई गं, त्या दोघांसाठी. चोरीचा माल नेत व्हते, पण त्यांच्याबी घरी कुणी वाट पाहत असंलच न." मग खिडकीला नाक लावून ती मला ढग दाखवत राहिली, ते थेट बंगळूर येईपर्यंत. आता विमान सुटलं की माझेही हात आपोआप जुळतात, आणि खिडकीची जागा मी कुणाला देत नाही.