सुमतीबाईंनी विचारलं होतं

सुमतीबाई गेल्या महिन्यात, एका मंगळवारी दुपारी, मालवणात राहत्या घरी वारल्या. वय साठच्या आसपास. आमच्या वार्ताहराने टपालाने चार ओळी पाठवल्या. 'अनेक वर्षे रुग्णसेवा' असं त्यात होतं. त्या भूल देत, हे नव्हतं. ते काम त्यांच्याकडून का गेलं, हे वार्ताहराला माहीत असण्याचं कारण नाही. मला आहे.

स्वातंत्र्याला दहा-अकरा वर्षं झाली होती. मालवणातल्या एका खाजगी दवाखान्यात एकच डॉक्टर पोटाची ऑपरेशनं करत आणि ईथर सुमतीबाई देत. तारेच्या जाळीवर गॉज ताणून ती रुग्णाच्या नाकातोंडावर ठेवायची, एका हाताने वरून थेंब थेंब ईथर सोडायचं, दुसरा हात हनुवटीखाली. तातडीच्या रुग्णाला खरा धोका पोटातल्या अन्नाचा. बेशुद्धीत उलटी झाली की ती श्वासनळीत जाते. म्हणून बाई प्रत्येकाला आधी एक प्रश्न विचारत.

माझे वडील, आबा, वालावलला राहत. त्यांचं अपेंडिक्स फुटलं तेव्हा मी मुंबईच्या दैनिकातून सुटीवर आलो होतो. खाडीतून होडीने निघायचं ठरलं. आमच्या घरात प्रवासाला निघणाऱ्याला पेज पाजल्याशिवाय उंबरा ओलांडू देत नसत. आई वाडगा घेऊन आली. "दोन घोट घेवा, वाटेत ताकद रवतली." आबांनी तिच्या समाधानासाठी कसाबसा वाडगा संपवला. मी शेजारी उभा होतो.

दवाखान्यात सुमतीबाईंनी विचारलं, "सकाळपासून पोटात काय गेला? पेज, पाणी, कायव. खरा सांगा. गेला आसात तर नळी घालून काढतलंव, परत पाठवूचंव नाय."

तरीही परत पाठवतील याच भीतीने आईने 'नाही' अशी मान हलवली. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "काही नाही." शिकलेल्या माणसाचा शब्द त्यांनी धरला.

दाराबाहेर ऐकू येत होतं. बाई अंक मोजायला लावत नसत. "आबानू, माशांची नावां घेवा बघूया."

"बांगडो... पेडवो... गो बाय, ह्यान झोप येवची नाय, भूक लागतली."

बाई हसल्या. मग आबांचा आवाज जड झाला आणि थांबला. थोड्या वेळाने आत धावपळ सुरू झाली. ऑपरेशन झालंच नाही. चारच्या सुमारास आबा गेले.

आठवड्याने तिथल्या एका साप्ताहिकाच्या संपादकांनी मजकूर मागितला. मी दिला. 'भूल देण्यात हयगय झाल्याचे समजते.' 'समजते' या शब्दामागे सांगणारा कोणीतरी असावा लागतो. इथे कोणी नव्हता. महिनाभरात लोक बाईंच्या हातून भूल घ्यायला नकार देऊ लागले. डॉक्टरांनी वेंगुर्ल्याहून दुसरा माणूस आणला. बाईंकडे पट्ट्या बांधण्याचं काम राहिलं.

पाच-सहा वर्षांनी आईच्या पायाला जखम झाली म्हणून मी तिला त्याच दवाखान्यात नेलं. पट्टी सुमतीबाईंनीच बांधली. आई बाहेर जाऊन बसल्यावर त्या हात धुता धुता म्हणाल्या, "तुमच्या वडलांच्या घशातसून पेजेची शितां काढलंय मी. ह्याच बोटांनी."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"कोणाक सांगू? तुमची आवस भायर बाकड्यार बसलेली. तिका सांगू, तुझ्या वाडग्यान घोव गेलो म्हणान?"

त्या टॉवेलला हात पुसत म्हणाल्या, "बातमी मात्र बरी लिवलात. शुद्धलेखनाची एक चूक नाय."

मी दुरुस्ती छापतो म्हणालो.

"आवस आसा तवसर नको. मगे छापा. माका वाचूचा आसा."

आई दोन वर्षांपूर्वी वारली. त्यानंतर सुमतीबाई गेल्या महिन्यापर्यंत हयात होत्या. त्या काळात मी चार वेळा मालवणला गेलो. दुरुस्ती आज छापली जात आहे.