आलं बघा परत!

साताऱ्याबाहेर माझ्या रानाला लागून एका रिटायर सुभेदाराचं रान आहे. माझा जोंधळा हुरड्यात आला, की तो हटकून बांधावर येऊन उभा राहायचा. शाळा सुटल्यावर मी राखणीला जायचो. मचाणावरून डबा बडवला, की पोपटांचा थवा उठायचा आणि हा बाबा सुरू व्हायचा.

“हे हिरवं कसलं पोपट, मास्तर! काँगोतला बघाय पायजे. राखाडी अंग, शेपूट लालभडक. लय दाट जंगलात ऱ्हातो, ताडाची फळं खातो. जंगल संपलं की पोपट संपला. असल्या उघड्या रानात फिरकायचा न्हाई.”

शांतिसेनेत पलटणीबरोबर काँगोला जाऊन त्याला दहा-बारा वर्षं झाली होती. तिथं लढाई झाली म्हणे, पण याच्या तोंडी फक्त पोपट. त्यात थवा वळून माझ्याच कणसांवर बसला, की याचा चेहरा उजळायचा. “आलं बघा परत!”

एकदा माझं डोकंच फिरलं. “अहो सुभेदार, माझं पीक चाललंय आणि तुम्ही हसताय?”

त्यानं कणसांवरच्या थव्याकडं बोट केलं. मग म्हणाला, “गोळीबार सुरू झाला की तितलं पोपट उडून जायचं. आमी खंदकात पडून झाडाकडं बगत ऱ्हायचो. ते परत येऊन बसलं, की मगच डोकं वर काडायचो.”

झालं! आता डबा एकदा वाजवला, की थवा परत बसेपर्यंत माझा हात काही उठत नाही. मग बांधावरून हुकूम येतो, “आता वाजवा, मास्तर!”

तोवर निम्मी कणसं खलास.