रंगाऱ्याची पूर्ण फेरी

खरं सांगायचं तर या माणसाबद्दल लिहिण्याचा मला फारसा अधिकार नाही. एकोणीस वर्षं आम्ही एकाच छापखान्यात होतो, पण मी त्याच्या घरी कधी गेलो नाही आणि तोही माझ्याकडे आला नाही. त्याला चहात साखर किती लागायची, हेसुद्धा मला सांगता येणार नाही. मात्र चारशे मीटर पळताना त्याचे पहिले शंभर मीटर किती सेकंदांत जायचे, ते आजही झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन.

तो छापखान्याचा रंगारी. भिंती, दारं, यंत्रांचे कठडे, पाट्या, सगळं त्याच्याकडे. मी हजेरी विभागात कारकून. वर्षातून एकदा मागच्या मैदानावर कामगारांच्या शर्यती व्हायच्या, तेव्हा मी आपणहून वेळ घ्यायला उभा राहायचो. हातात स्टॉपवॉच असलं की माणसाला कुणी गप्पा मारायला बोलावत नाही.

चारशे मीटरची फेरी चुन्याने आखण्याचं काम रंगाऱ्याचंच. दर शंभर मीटरला तो एक आडवी रेघ मारायचा. सकाळी रेघा मारायच्या आणि दुपारी त्याच रेघांवरून पळायचं. शिट्टी झाली की तो गोळीसारखा सुटायचा. अर्ध्या फेरीपर्यंत त्याच्या आसपास कुणी नसायचं. तिथून पुढे मात्र त्याचे पाय जड व्हायचे आणि एकेक जण त्याला ओलांडून जायचा. पोट सुटलेले कॅशियरसुद्धा जाता जाता "येतो हं" म्हणायचे.

कँटीनवाल्याने त्याचं नाव 'अर्धीफेरी' ठेवलं आणि ते चिकटलं. "काय अर्धीफेरी, कप अर्धाच भरू ना?" हा त्याचा रोजचा प्रश्न. रंगारीही हसायचा.

मग एका वर्षी तो माझ्या खोलीला रंग द्यायला आला. खोली लहान, म्हणून टेबल मधोमध ओढून मी काम करत बसलो होतो. तो भिंतीशी बोलावं तसा बोलत होता.

"जूनपासून थोरली इथं लागतेय, बाइंडिंगला. तो कँटीनवाला पठ्ठ्या तिच्यासमोर हाक मारणार, अर्धीफेरी म्हणून. माझं काही नाही हो. पण पोरीला पहिल्याच दिवशी अर्धीफेरीची मुलगी व्हायला लागणार."

माझ्या खणात एक वही होती. सहा वर्षं मी त्याच्या प्रत्येक शंभर मीटरची वेळ लिहून ठेवली होती, हाताला काहीतरी चाळा म्हणून. ती त्याला दाखवावी असं दरवर्षी वाटायचं. पण आपण कोण सांगणारे? मी तर बससाठीही कधी धावलो नव्हतो.

त्या दिवशी वही काढली. "पंधरा, अठरा, चोवीस, एकतीस," मी वाचलं. "हे गेल्या वर्षीचं."

"म्हणजे काय?"

"पहिले शंभर पंधरा सेकंदांत. शेवटचे एकतीस. पहिले जर अठरात घेतलेत तर बहुतेक..." पुढे बोलायचा धीर झाला नाही.

"अठरा? मग बाकीचे पुढे जातील ना."

"जातील."

"मग?"

विषय बदलायचा म्हणून मी विचारलं, भिंतीवर कमरेच्या उंचीला असतो तो तपकिरी पट्टा ओढणं अवघड असतं का. त्याने हसून ब्रश माझ्या हातात दिला. मी तो डब्यात बुडवला, भिंतीला टेकवला आणि दाबून ओढला. वीतभर रंग बसला, त्यातून ओघळ निघाले आणि हातभर अंतरावर ब्रश कोरडा खरखरू लागला.

"अहो साहेब, सगळा रंग पहिल्याच वितीत दिलात. सुरुवात हलक्या हाताने करायची. त्या कोपऱ्यापर्यंत पुरायला नको का?"

ओघळ पुसता पुसता त्याने माझ्या उघड्या वहीकडे पाहिलं.

"अठरा म्हणालात ना?"

त्यानंतर दीड महिना कामाच्या आधी आम्ही मैदानावर. जे भिंतीवर हाताला जमायचं ते पायांना जमेना. सोळा, पंधरा, पुन्हा सोळा. एकदा एकवीस झाले तेव्हा म्हणाला, "हे तर पिशवी घेऊन बाजाराला निघाल्यासारखं झालं." शेवटी युक्ती त्यानेच काढली. पट्टा ओढताना हात हलू नये म्हणून तो तोंड मिटून नाकाने श्वास घ्यायचा. पहिले शंभर तसेच पळायचे. तोंड उघडावं लागलं की समजायचं, जोर जास्त झाला. मग सलग तीन दिवस अठरा आले.

शर्यतीला त्याची बायको आणि थोरली मुलगी आली होती. आमचा बेत त्याने घरीही सांगितला नव्हता. शिट्टी झाली, अकराही जण निघाले आणि रंगारी तोंड मिटून सगळ्यांच्या मागे.

"अर्धीफेरी आता पाव फेरीवर आला," कँटीनवाला म्हणाला.

"अहो, पळा की," बायको ओरडली. "चप्पल शोधायला निघालात का?"

त्याच्या कानावर गेलं असावं, कारण खांदे ताठले. पण पहिल्या रेघेवर घड्याळात अठरा होते. दुसरे शंभर एकोणीस. अर्ध्या फेरीला तो अजून नववाच होता. मग वळणावर पुढचे एकेक जण ढिले पडू लागले, आणि हा होता तसाच येत राहिला. कॅशियरना ओलांडताना काही बोलला नाही. "फार मनात होतं," नंतर मला म्हणाला, "पण श्वास जपून ठेवला होता."

तो तिसरा आला. बक्षीस म्हणून छत्री मिळाली. स्टॉपवॉच थांबवायचं मी विसरलो, त्यामुळे शेवटच्या शंभरची वेळ वहीत नाही.

जूनमध्ये मुलगी कामाला लागली. पहिल्या दिवशी ती कँटीनमध्ये आली तेव्हा रंगारी तिथेच शिडीवर चढून खिडक्या रंगवत होता. कँटीनवाल्याने तिच्याकडे पाहिलं, मग शिडीकडे पाहिलं. आम्ही सगळे कपात बघू लागलो.

"तू रंगाऱ्यांची ना?" तो म्हणाला. "चारशे मीटरला तिसरे आले ते?"

"तिसरे?" मुलगी म्हणाली. "आई तर सगळ्यांना दुसरे सांगते."

त्याने तिचा कप काठोकाठ भरला. शिडीवरचा ब्रश थांबला होता, तो पुन्हा चालू लागला.

पुढच्या वर्षी मी निवृत्त झालो. त्यानंतर आमची भेट झाली नाही. शेवटच्या दिवशी निघालो तेव्हा तो फाटकाला हिरवा रंग देत होता. वहीबद्दल, छत्रीबद्दल काहीतरी बोलावं असं मनात होतं.

"हात लावू नका साहेब, ओलं आहे."

"बरं," म्हणून मी अंग चोरून बाहेर पडलो.

"बाहीला लागला बघा."

"असू दे," मी म्हणालो.